तगरीवरची अळी

आज सकाळी पासली गावातल्या आमच्या घराच्या भिंतीवर मोठा हिरवा पतंग बसलेला दिसला आणि मला तगरीच्या चिकाचा वास आठवला.

लहानपणी अंगणातल्या तगरीवर मोठाल्या निळ्या डोळ्यांची जाड अळी आली होती. "सापाची जात हाय ती, झाडच तोडतो," म्हणत माझे चुलते, नाना, कोयता घेऊन आले. मी झाडापुढून हलले नाही.

"डोळं न्हाईत ते, नुसतं ठिपकं हायत."

अळी मी बरणीत पाळली. ती तपकिरी पडून आकसली, तेव्हा सगळे म्हणाले, मेली, फेक. मी फेकली नाही. एका संध्याकाळी बरणीत असाच हिरवा पतंग पंख वाळवत बसला होता.

नाना आजही म्हणतात, "त्यो भाईरनं आला व्हता."

"फडकं बांधलेल्या बरणीत?" मी विचारते.

नाना वळतात आणि देवासाठी त्याच तगरीची फुलं खुडायला लागतात.