खालून उघडणारी पिशवी

माणूस गेल्यावर त्याने भरून ठेवलेले कांदे खायचे, की तसेच ठेवायचे?

मी आईला विचारलं. शेजारच्या मंगलकाकूंना विचारलं. तेराव्याला आलेल्या भटजींनाही विचारलं. ते म्हणाले, "आधी पाटावर बस बघू!"

कांदे ताईने, माझ्या मोठ्या बहिणीने भरलेले. तिचा विषय निघाला की आमच्या अंधेरीच्या चाळीत किस्से थांबत नाहीत. एक काढायला जावं तर दहा पायावर पडतात. तिच्या पिशवीची नाडी सोडल्यासारखं!

ती पिशवी लांबट, खिळ्याला टांगायची. वर तोंड, खालीही तोंड, खालच्याला नाडी. कांदे वरून भरायचे, खालून काढायचे. म्हणजे जुना आधी संपतो. ताई, मंगलकाकू आणि मासे विकणाऱ्या जनामावशी दुपारी आमच्या खोलीत बसून अशा पिशव्या शिवायच्या. मशीन ताईचं, जीभ तिघींची! मी कामाला होतो त्या कपड्यांच्या कारखान्यातून उरलेले तुकडे आणायचो. शाळा सहावीत सुटली माझी. "कात्री तरी सरळ चालव रे," ताई म्हणायची.

*

एकदा तुकडे मिळाले नाहीत. पेटीत बाबांची जाड खाकी पँट दिसली. गिरणी बंद पडल्यापासून ती तशीच पडून होती. मी काही विचार न करता कात्री लावली!

ताई आधी ओरडली, मग खूश झाली. "अरे, पँटचा पाय म्हणजे आयती पिशवी! दोन्हीकडून उघडा. नुसती नाडी ओवायची."

आठवड्याने बाबांना वॉचमनची नोकरी लागली. खाकी पँट हवी! बाबांनी पेटी उपसली, खाट सरकवली. मग चुलीजवळ टांगलेल्या दोन खाकी पिशव्यांकडे नजर गेली.

"माझो एक पाय कांद्यात आणि दुसरो बटाट्यात! आता कामाक लुंगी नेसान जाव?"

ताई शांतपणे म्हणाली, "बाबा, खिसे ठेवलेत मी. त्यात लसूण राहतो."

*

मालाडच्या एका जैन बाईंनी भाजीची पिशवी मागितली. ताईने हौसेने तीन कप्पे केले. मंगलकाकू पोचवायला गेल्या.

"ये तीन क्या है?"

"कांदा, बटाटा, लसूण!"

"हम तो तीनों नहीं खाते!"

काकूंची वाट लागली. पिशवी घेऊन परत आल्या. ताई म्हणाली, "लिंबं ठेवा म्हणावं. तीन खोल्यांत ऐसपैस राहतील!"

पुढच्या आठवड्यात बाई स्वतः आमच्या दारात. हळूच म्हणाल्या, "वो तीन खानेवाली दे दो. बहू के लिए. घर में बोलना मत!"

*

जनामावशींनी आपली पिशवी ओटीवर उन्हात टांगली. कांद्यांना हे एवढे कोंब!

ताई भडकली. "मावशी, कांद्याला हवा दाखवायची, ऊन नाही. ऊन दिसलं की तो घर सोडायची तयारी करतो."

जनामावशी कसल्या ऐकतात! "तुझा पन तसाच हाय गं. रविवारी मुलुंडचा पोरगा बघायला येतंय ना? त्याला बघून तू पन कोंब काढशील!"

*

रविवारी मुलुंडची मंडळी आली. मुलाच्या आईने विचारलं, "शिवण येतं का?"

आई अभिमानाने त्यांना चुलीजवळ घेऊन गेली. बाईंनी पिशवी बघितली, कापड चाचपलं आणि नाडी ओढली.

सगळे कांदे जमिनीवर! मुलगा कडक इस्त्रीच्या पँटमध्ये गुडघ्यांवर बसून गोळा करायला लागला. बाबा म्हणत होते, "ऱ्हवांदे, ऱ्हवांदे!" तेवढ्यात ताई पोह्यांचा ट्रे घेऊन आली.

"सगळे मिळाले?"

खाटेखालून आवाज आला, "एक राहिलाय."

"तो मिळाल्याशिवाय पोहे नाहीत!"

आईने कपाळाला हात लावला. मुलगा बाहेर आला. केसांना जाळी, हातात कांदा.

"आई, मला पसंत आहे."

तुळशीचं लग्न झालं की यांचं, असं ठरलं.

श्रावणात ताईला कावीळ झाली. त्या वर्षी आमच्याकडे गणपती आला नाही.

*

हॉस्पिटलात जायच्या सकाळी, उभं राहवत नव्हतं तरी ताईने खाकी पिशवी भरली. म्हणाली, "मी येईपर्यंत आईला बाजार नको. खालून काढत जा रे."

तेराव्यानंतर आईने नवे कांदे आणले, ताईच्या उरलेल्या कांद्यांवर वरून ओतले आणि खालची नाडी सोडायला हात घातला.

"थांब!" मी एवढ्या जोरात ओरडलो की मंगलकाकू धावत आल्या. मी पिशवी खिळ्यावरून काढली, मशीनवर बसलो आणि खालचं तोंड शिवायला लागलो. खाकी जाड, सुई तुटली. उरलेलं हाताने शिवलं. वेडीवाकडी टीप. ताईने उसवायला लावली असती.

मग आईने नवे कांदे वरूनच एकेक काढून टोपलीत ठेवले. जुन्यांना हात लावला नाही.

पिशवी तशीच कोपऱ्यात लटकत राहिली. एक दिवस वरच्या तोंडातून पात बाहेर आली. पिवळी, बारीक.

जनामावशी टोपली उतरवून बघत उभ्या राहिल्या. "अंधारात हाय म्हनून पिवली पडली रं, बाळा."

मी हातोडी घेतली. गॅलरीत सकाळचं ऊन थेट येतं, तिथे खिळा ठोकला आणि ताईची पिशवी उन्हात टांगली.