चमकडबी

बोरकुटे मिस्त्री कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला आधी उजेडाकडे धरत, फिरवून बघत आणि मगच तोंडाला लावत. नव्या माणसाला तो अपमान वाटे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी तेच केलं आणि माझ्या बायकोला, अनसूयेला, म्हणाले, "बाई, पेला साफ हाये. ठिपके हायेत ते तुमचे नाई, विहिरीचे." अनसूया हसली. आमच्या विहिरीचं पाणी जड होतं. कितीही घासा, भांडं वाळलं की त्यावर पांढरे ठिपके उमटत आणि माझी आई त्याचा दोष सुनेवर ठेवी. ठिपक्यांचा दोष पाण्याला देणारा हा पहिलाच माणूस होता.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. सिंदेवाहीला मी लाकडाच्या डेपोत मोजणी कारकून होतो आणि मिस्त्री तिथल्या धानगिरणीत फिटर. अंगाने किडकिडीत, खाकी अर्धी चड्डी, कानावर विडी. इंजिन बंद पडलं की गिरणीतली माणसं त्याला शिव्या घालत. मिस्त्री त्यांना बाजूला सारत. "यंत्राले रागवू नका जी, त्याले विचारा," असं म्हणून इंजिनाला कान लावत आणि लेकराशी बोलावं तसं पुटपुटत, "काऊन रे, कुठी दुखून राह्यलं?" इंजिन सुरू व्हायचंच. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. ऐकीव गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही.

अनसूयेच्या हातांना चिरा पडत. साध्या नव्हेत, रक्त येईल अशा. मूल गावच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं की राख, आंबट आणि पाणी यांपासून हात दूर ठेवा, नाहीतर चिरा भरणार नाहीत. बाहेरची बाई लावली, पण रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला की बाया शेतात जात. मी मिस्त्रींना हे सगळं सांगितलं. त्यांनी कानावरची विडी काढली आणि न पेटवताच परत ठेवली. मग म्हणाले, "बाबू, तुमच्या घरी भांडे धुवाचं यंत्र बसवून देतो. बाईले पाण्यात हातच घालावा लागनार नाई."

आणि त्यांनी ते केलं. पत्र्याचं अर्धं पिंप, आत तारेची जाळी, जाळीखाली लाकडी पंखे आणि बाहेर हँडल. जाळीत भांडी रचायची, राखेचं गरम पाणी ओतून झाकण लावायचं, हँडल फिरवायचं. मळ सुटला की खालच्या तोटीतून पाणी सोडायचं आणि शेवटी स्वच्छ पाण्याने विसळायचं. खरी करामत झाकणाच्या आत होती. तिथे त्यांनी एक काढता-घालता येणारी डबी बसवली होती. तिच्यात लिंबू-चिंचेचं गाळलेलं पाणी भरलेलं असे आणि कंदिलाच्या वातीवाटे ते शेवटच्या पाण्यात थेंबथेंब उतरे. त्यामुळे पाणी भांड्यावर थांबत नाही, घसरून जातं आणि ठिपका पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या डबीला ते चमकडबी म्हणत.

पहिले काही दिवस ठिपके गेले नाहीत. मिस्त्री दुपारच्या सुट्टीत गिरणीतून येत आणि डबीशी बोलत बसत. चिंचेचा गाळ वातीत अडकला होता, तो काढला. मग आंबट जास्त उतरलं आणि पितळेवर काळपट ओघळ आले, म्हणून वात कापून बारीक केली. मग काहीच उतरेना. डबीला हवा मिळत नाही म्हणून वर खिळ्याने भोक पाडलं. एका संध्याकाळी मी डेपोतून आलो तर फळीवर भांडी झळकत होती. एकावरही ठिपका नाही.

"उतरलं का बरोबर?" मी विचारलं.

"हाव," अनसूया म्हणाली आणि आत गेली.

मी मोजणारा माणूस. नुसत्या चमकेवर मी भुललो नाही. रोज संध्याकाळी डबीत काडी घालून पातळी बघू लागलो. पातळी रोज बोटभर उतरलेली असे. भांडी चमकत होती, पाणी उतरत होतं, हिशेब जुळत होता. फक्त रविवारी, मी स्वतः हँडल फिरवलं की ठिपके दिसत. मिस्त्री हसत. "तुमचा हात जड हाये बाबू. तुमी हँडल फिरवता का सागाचा ओंडका लोटता?" अनसूयाही हसे. मीही हसलो. चिरा मात्र भरत नव्हत्या. मी मलम बदलून आणलं.

गिरणीच्या शेटजींच्या कानावर यंत्र गेलं. पावसाळाभर घरात चाललेलं यंत्र आपण बघू, ठीक वाटलं तर अशी यंत्रं बनवायच्या कारखान्याला शेड बांधून देऊ, असं ते म्हणाले. मिस्त्रींनी त्यांना सांगितलं होतं, मोजणीबाबूले विचारा, तो मानूस खोटं बोलत नाई. मला त्याचा अभिमान वाटला.

शेटजी यायला आठवडा उरला होता. त्या दिवशी दुपारी पावसामुळे डेपोतली मोजणी बंद पडली आणि मी घरी आलो. मागच्या अंगणातल्या पडवीत अनसूया बसली होती. पुढ्यात यंत्रातून काढलेली भांडी, सगळी ठिपक्यांनी भरलेली. चमकडबी सोडवून तिने जवळ ठेवली होती. ती त्यातलं आंबट पाणी ओंजळीत घेऊन एकेका भांड्याला चोळत होती आणि दर वेळी ओठ घट्ट मिटत होती. समोर मिस्त्री बसून धुतलेली भांडी फडक्याने पुसत होते.

मला पाहून दोघंही थांबली.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"डबी एकदाबी बरोबर नाई चालली बाबू," मिस्त्री म्हणाले. "मले वाटलं, आज करन, उद्या करन. मंग शेटजीची गोठ निघाली. आठ दिवस थांबा जी. शेड झाली का नव्या पत्र्याची डबी बनवतो. बाईले हातानं चोळाले मीच म्हटलं होतं."

"तिचे हात पाहिलेत?"

त्यांनी पाहिले नाहीत. त्यांनी डबीकडे पाहिलं.

"मिस्त्रीभाऊ माझ्यासमोर रडले," अनसूया म्हणाली. "मी काय करू?"

म्हणजे रोज संध्याकाळी मी काडी घालून जे मोजत होतो, ते माझ्या बायकोच्या चिरांत गेलेलं पाणी होतं. आणि ज्या माणसाने हे यंत्र तिच्या हातांसाठी केलं म्हणून मी चारचौघांत सांगत होतो, तो समोर बसून फडक्याने पुसत होता.

शेटजी आले. चहा झाला. त्यांनी मला विचारलं, "बोला बाबू, काम देते का?" मिस्त्री माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मळ काढतं. चमक देत नाही. चमक माझ्या बायकोच्या हातची आहे." शेटजींनी टोपी घातली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बैलबंडी घेऊन यंत्र न्यायला आले. मी हात लावला नाही. बंडीवर दोर आवळता आवळता ते म्हणाले, "एका शब्दाचं काम होतं. तुमी दगा देला." पुढे त्यांनी गिरणी सोडली आणि कुरखेड्याकडे गेले. तिथेही ते हेच सांगत, असं येणारे-जाणारे सांगायचे: बाबूनं दगा देला.

ते वारल्याचं गिरणीतल्या एकाने सांगितलं तेव्हा अनसूया जेवायला वाढत होती. वाढून झाल्यावर ती खाली बसली.

"आठ दिवसच तं मागितले होते भाऊनं तुमाले," ती म्हणाली. "द्यायचे होते."

"ते मी कसे द्यायचे? हात तुझे होते."

ती माझ्याकडे न बघता ताटातला भात कालवू लागली.