मिल बंद, रात्रपाळी चालू

माझ्या चुलत सासऱ्यांइतक्या शिस्तीत स्वतःची झोप मोडणारा माणूस साऱ्या इंदुरात सापडणार नाही. त्यांच्या कापड मिलला कुलूप लागून दोन वर्षं झाली, तरी काकांच्या पाळ्या चालूच होत्या. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची; बदल दर सोमवारी. रात्रपाळीत ते स्नेहलतागंजातल्या दोन खोल्यांत उजाडेपर्यंत येरझारा घालत आणि सकाळी आठला डोळ्यांवर पंचा टाकून आडवे होत. एकदा दहा वाजता मी पोहे घेऊन गेले, तर काकू दारातच ओरडल्या, "अगं, त्यांची मध्यरात्र आहे आत्ता!" तेव्हापासून दूध, गॅस, वीजबिल यांच्याखाली मी कॅलेंडरवर काकांची पाळीही लिहून ठेवू लागले. स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यात ते भर दुपारी खुर्चीत असे झोपले, की व्याह्यांनी घाबरून तोंडावर पाणी मारलं.

"पण कशासाठी हो, काका?" मी एकदा चिडून विचारलं.

"उद्या मिल उघडली, बुलावा आला, आणि पहिल्याच रात्री कापड विणता विणता साच्यावर डुलकी लागली तर? अपने को नहीं चलेगा, सूनबाई."



शेवटी ते चक्कर येऊन जिन्यातच कोसळले. दवाखान्यात डोक्याला तारा लावून त्यांची झोप तपासली. डॉक्टर म्हणाले, "काका, गाढ झोपेत मेंदूत मोठ्या, संथ लाटा उठतात. शरीराची मरम्मत तेव्हाच होते. तुमच्या लाटा दिसतच नाहीत. रोज एकाच वेळी झोपा, नाहीतर पुढच्या वेळी जिन्यावरून उठणार नाही."

काकांनी तपासणीचा तो रेघांचा कागद उजेडात धरला. तीस वर्षं साच्यावरचं कापड तपासलेले डोळे. "वीण बारीक आहे, पण धागा कुठे तुटला नाही. माल पास है, भिया!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मग एका बुधवारी मिलचे साचे भंगारात निघाले. फाटकातून एकेक ट्रक बाहेर पडत होता, आणि काका समोरच्या फुटपाथवर दिवसभर उभे होते. त्यांचा रात्रपाळीचा आठवडा होता, म्हणून गुरुवारी सकाळी सातला, ते आडवे व्हायच्या आत, मी उपमा घेऊन गेले. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. चेहरा नुसता उजळला होता.

"काल रात्री नऊलाच झोपले, एकदाही उठले नाहीत. डॉक्टर बोलले ना, अगदी तशी झोप! थांब, शिरा करते."

मी आत डोकावले. काका कुशीवर होते, तोंड किंचित उघडं, श्वास लांब आणि संथ. दोन वर्षं मीच 'झोपा, झोपा' म्हणून त्यांच्या मागे लागले होते. आता ते झोपले होते, आणि मला त्यांना गदागदा हलवून जागं करावंसं वाटत होतं.