भरतीच्या पाण्यात बांधलेला भुऱ्या

दोन वर्षं माझा दत्ताशी अबोला होता. कारंज्याहून आणलेल्या तसबिरीपुढे मी रोज दिवा लावायची, तोही सासूबाईंनी काही विचारू नये म्हणून. हात मात्र जोडत नव्हते. मुलांचे बाबा तापानं अंथरुणाला खिळले, तेव्हा याच तसबिरीपुढे मी डोकं आपटलं होतं आणि तरी ते गेले. तेव्हाच ठरवलं, यापुढे कोणाकडे काही मागायचं नाही, ना देवाकडे ना माणसाकडे. मग वांग्या-मेथीची वाडी सांभाळली, टेम्पो चालवायला शिकले, मंगरूळपीरच्या बाजारात माल स्वतः नेऊ लागले. मदतीला कोणी आलं, की त्याला चहा पाजून वाटेला लावायची.

मुलांना समुद्र दाखवायचा शब्द त्यांच्या बाबांनी दिला होता. दिवाळीच्या सुट्टीत तो पाळायचा, असं मी मनाशी पक्कं केलं. सासूबाई म्हणाल्या, "एकली बाई, दोन पोरं अन् वरून कुत्रं. कायले जीव धोक्यात घालतं?" दीर सोबत यायला तयार होता, त्यालाही मी नको म्हटलं. भुऱ्याला मागे ठेवणं शक्यच नव्हतं. मुलांच्या बाबांनी तो एवढासा असताना शर्टात घालून घरी आणला होता, आणि ते गेल्यापासून माझा धाकटा सोहम त्याच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय झोपत नसे. मागे रिकाम्या कॅरेटांत भुऱ्या, शेजारी थोरली पूर्वा आणि सोहम, असे आम्ही निघालो.

कोकणात उतरल्यावर किनाऱ्याचा रस्ता धरला. दर वळणाला समुद्र दिसायचा, मुलं थांब म्हणायची आणि मी टेम्पो बाजूला घ्यायची. पोरं इतकी हसलेली मी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. आपण एकटीनं करून दाखवलं, याचा मला गर्वच चढला होता म्हणा ना.

एका गावाबाहेर वाळूच्या पलीकडे खडकावर दत्ताचं लहानसं देऊळ दिसलं. पूर्वा जाऊया म्हणून मागेच लागली. मला जायचं नव्हतं, पण पोरीचं मन मोडवेना. देवळात कुत्रा कसा न्यायचा, म्हणून मी भुऱ्याला वाळूत रोवलेल्या एका खुंट्याला बांधलं. आमच्याकडे पावसाळा सरला की नदीच्या कोरड्या पात्रात लोक बिनधास्त गुरं बांधतात. आभाळात ढग नसेल तर पाणी येणार कुठून? मी हाच हिशेब इथे लावला. बैलाला मारतो तशी दाव्याची घट्ट गाठ मारली आणि आम्ही कोरड्या वाळूवरून चालत देवळात गेलो.

मुलं मागच्या बाजूला शिंपले वेचत बसली आणि मी तास-दीड तास त्यांच्याकडेच पाहत राहिले. सोहम ओरडला तेव्हा मी वळून पाहिलं. ज्या वाळूवरून आलो होतो, तिथे पाणी होतं. भुऱ्याचं फक्त डोकं वर दिसत होतं.

मुलांना पायरीवर बसवून मी पाण्यात उतरले. मला पोहता येत नाही. वाटेवर पाणी गुडघ्याएवढं होतं, खुंट्याजवळच्या खळग्यात ते कमरेपर्यंत आलं. ओल्या दाव्याची गाठ आवळून दगडासारखी झाली होती. नखं तुटली, दात लावले, तरी ती हलेना. प्रत्येक लाटेला भुऱ्या बुडायचा आणि वर आला की माझ्याकडे पाहायचा. इतक्या दिवसांत जे कोणाजवळ बोलले नव्हते ते तोंडातून निघालं, "दत्ता, माझ्यानं नाही होत. तूच ये आता." मी देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि मग कोणीतरी या म्हणून गळा फाडून हाका मारल्या.

खडकांच्या आडून कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढणारी एक बाई आली. कंबरेला कोयता होता. तिनं काही विचारलं नाही, एका घावात दावं कापलं आणि म्हणाली, "गो बाय, तू पोरांका घे. कुत्रो मी घेतंय."

तिच्या घराच्या पडवीत भुऱ्या निपचित पडला होता. तिनं त्याला उलटं धरून पोटातलं पाणी काढलं, पोत्यानं पुसलं आणि मऊ भात त्याच्या तोंडाशी ठेवला. त्यानं नाक फिरवलं नाही की डोळे उघडले नाहीत. सोहम त्याच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. ती बाई रोजच त्या खडकांवर येत असेल, यात नवल ते काय. पण मी हाक मारली नसती, तर तिला कळलं कसं असतं? मागणं म्हणजे हरणं, असं मी धरून बसले होते. दत्तानं माझी जिद्द काढून घेतली नाही, तिच्यातला ताठा तेवढा त्या पाण्यात ठेवून घेतला. त्याचे उपकार मी कोणत्या तोंडानं सांगू?

अंधारून येत होतं. सोहम हळूच म्हणाला, "आई, पाह्य, थो खाऊन राह्यला."

भुऱ्या पडल्या पडल्या भात चाटत होता. ताटली रिकामी झाली आणि त्यानं मान वर केली. मी त्या बाईकडे वळून म्हटलं, "ताई, अजून थोडा भात द्याल का?"