सासूबाईंना चालत नाही

मला खुर्ची मिळायची आणि तिला सतरंजीवर जागा. २०१६ साली माझ्या पोटात जी आग पेटली, तिचं मूळ एवढंच. खुर्ची मीच मागून घेतलेली, गुडघ्यांचं कारण सांगून. गुडघे तेव्हा चांगले ठणठणीत होते. पण खुर्चीवर बसणाऱ्याकडे माईक आपोआप येतो, हे बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मला पक्कं कळलेलं. आणि त्या खुर्चीवरून मी काय बघायची? तलासरीची ती मुलगी आली की बायका कुणी न सांगता सरकायच्या, दोघींच्या मध्ये वीतभर जागा व्हायची, आणि ही त्यात मावायची. माझ्यासाठी कधी कुणी सरकलं नाही.

ही गोष्ट आमच्या मानवी हक्क समितीतली. समिती सरकारी नव्हती, तालुक्यातल्या चार डोक्यांनी मिळून काढलेली, पण लोक तिला ‘आयोग’ म्हणत. ते ऐकायला बरं वाटे, म्हणून आम्ही कुणी दुरुस्त करत नसू. डहाणू-तलासरीतल्या गावांत, पाड्यांवर जायचं, भेदभाव म्हणजे काय ते सांगायचं, कुणाची तक्रार असेल तर ऐकून घ्यायची, अर्ज लिहून द्यायचा. निवृत्तीनंतर मी तिथे शिरले ते समाजाच्या तळमळीने, असं मी तेव्हा सांगत असे. खरं म्हणजे घरी मला कुणी काही विचारेनासं झालं होतं.

माझं भाषण चाळीस मिनिटांचं. त्यात तीन सुभाषितं. पहिल्या सुभाषिताला पोरं उठायची, दुसऱ्याला पुरुष. तिसऱ्यापर्यंत ज्यांच्या घरची सतरंजी असे तेवढेच उरत.

तलासरीची भाषण करतच नसे. वारली मुलगी, वय असेल सव्वीस, बारावी झालेली. घरात वारली बोलायची, उंबरगावच्या कारखान्यात दोन वर्षं काढल्यामुळे गुजराती फाडफाड, आणि आमच्यासाठी मराठी. वरोरला एकदा मी देवळाच्या मंडपात समतेवर बोलले आणि एक पुष्पगुच्छ घेऊन आले. ही तेवढ्या वेळात कोळणींबरोबर सुकट निवडत बसली आणि तीन तक्रारी घेऊन आली. परतताना जीपमध्ये तिच्या हाताला सुकटीचा वास येत होता. मी नाकाला पदर लावला. वासाचं निमित्त, बाकी काय.

तर त्या वर्षी जूनमध्ये आमच्याच गावच्या शाळेत पोषण आहार शिजवायला नवी बाई लागली. आमच्या चिकूच्या वाड्यांच्या मागे पाडा आहे, तिथली वारली. दोन मुली, दोघी त्याच शाळेत. आधीची स्वयंपाकीण आमच्या आळीतली होती, ती लेकाकडे वापीला गेली. नवी आली, आणि महिनाभरात वाडीवाल्यांची मुलं घरून डबे आणू लागली. खिचडी खायची ती फक्त पाड्यावरच्या मुलांनी. रोज अर्धं पातेलं उरायचं. दिवाळीनंतर शाळा व्यवस्थापन समितीने विषय घेतला: मुलं जेवत नाहीत, आहार वाया जातो, तेव्हा स्वयंपाकीण बदलावी. जातीचं नाव कुणी घेतलं नाही. आमच्याकडे घेत नाहीत.

ही बाई तक्रार घेऊन कुणाकडे गेली असेल? मी तिच्यापासून चार वाड्या अलीकडे राहते. समितीची ज्येष्ठ सदस्य. गावात सगळे मला ‘बाई’ म्हणून वाकून नमस्कार करतात. ती माझं फाटक ओलांडून, रिक्षा पकडून, सरावलीला गेली. कारण त्या दिवशी तलासरीची तिथे होती.

“माझ्याकडे का नाही आली ती?” मी तलासरीचीला विचारलं.

“मला काय माहीत, बाई? आपण घरं फिरू या ना.”

“घरं फिरायची गरज नाही. मी पालकांसमोर बोलते.”

बोलले. चौथं सुभाषित घातलं. सगळ्या माना डोलल्या, एका आजोबांनी डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तेवढेच डबे. एकही कमी नाही.

तलासरीची मात्र आठवडाभर आमच्या आळीत दिसत होती. पुढच्या दाराने नाही, मागच्या. मी माडीवरून बघायची. या घरातून निघाली, त्या घरात शिरली. कुठे धुणं वाळत घालू लागली, कुठे नुसती उंबऱ्यावर. माझं गाव, माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी आता सासुरवाशिणी झालेल्या, आणि चहा हिला.

नोव्हेंबर होता, म्हणजे पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा महिना. मी डहाणूला बँकेत जाऊन जिवंत असल्याची सही करून लवकर परतले. ओटीवर आले तर मागून हसणं ऐकू आलं. सुनेचं. आमच्या घरी येऊन तिला सात वर्षं झाली होती, असं हसणं मी ऐकलं नव्हतं. आत गेले. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पाटावर, तलासरीची बसलेली. दोघी मिळून वाळवणासाठी चिकूच्या फोडी करत होत्या. आणि फोडी मी करते त्याहून पातळ.

“काय गं, कशाला हसताय?”

“काही नाही, आई,” सून म्हणाली, आणि तिचा चेहरा झाकण लावल्यासारखा बंद झाला.

“बसा ना, बाई,” तलासरीची म्हणाली. मला. माझ्या घरात.

मी बसले नाही. “आमच्याकडे कसला भेदभाव शोधतेस?”

“डब्याचं विचारायला आले.”

“कुठला डबा?”

“छोटीचा, आई,” सून खाली बघत म्हणाली.

नात दुसरीत होती. तिचा लाल झाकणाचा डबा पाच महिने रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर भरला जात होता. कधी तर पोळीला तूप मीच लावलेलं. तो घेऊन ती शाळेत जायची आणि मी समतेवर बोलायला जायची. मुलीला खिचडी आवडत नसेल, असं मला वाटत होतं. म्हणजे वाटत नव्हतं, मी वाटून घेतलं होतं.

तलासरीचीने वही उघडली. “अकरा घरं झाली, बाई. सगळ्या सुना एकच सांगतात. आमचं काय नाय, सासूबाईंना चालत नाही.”

“मग सासवांना विचारायचं.”

“विचारलं. त्या म्हणतात, आम्ही कधी नाही म्हटलं? आम्हाला कुणी विचारलंच नाही.” तिने पान उलटलं. “तुम्हाला विचारायचं राहिलंय.”

“मला? मला चालत नाही असं कोण म्हणालं?”

सुनेने विळीवरचा चिकू बाजूला ठेवला. “तुम्ही विचारलं होतंत, आई. जूनमध्ये. नवी बाई हात धुते का म्हणून.”

“ते स्वच्छतेसाठी.”

“आधीच्या बाईचं नव्हतं विचारलंत.”

आधीची बाई एका हाताने मशेरी लावत दुसऱ्या हाताने खिचडी ढवळायची, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

“मला वाटलं, तुम्हाला नको आहे,” सून म्हणाली. “पुन्हा कशाला वाद. दुसऱ्या दिवशी डबा भरला.”

“आणि बाईंची नात डबा आणते म्हटल्यावर शेजारच्या घरात सुरू झाला,” तलासरीची म्हणाली. “मग त्यांच्या शेजारी.” ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, बसची वेळ सांगावी तसं.

आता इथे माझ्यासारख्या बाईने काय करावं? लाज वाटायला हवी. वाटली, पण नंतर. आधी काय टोचलं ते सांगते. पाच महिने माझ्या घरात जे होतं ते हिला आठ दिवसांत सापडलं. आणि माझ्या सुनेने ते मला नाही, हिला सांगितलं. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही, आणि खिचडीवालीचा विचार माझ्या मनात आला तो झोपताना, शेवटचा.

शुक्रवारी शाळेत बैठक. तलासरीची ती वही वाचून दाखवणार, या धास्तीने मी अर्धा तास आधी गेले आणि बोलणाऱ्यांत पहिलं नाव माझं घालून ठेवलं. वाक्य तयार होतं: ‘काही कुटुंबांमध्ये काही गैरसमज झाले असावेत.’ तलासरीची आली तेव्हा विचारलं, “तू काय बोलणार आहेस?”

“मी? काय नाय. तुमचं गाव आहे.” वही तिने आणलीही नव्हती.

अध्यक्षांनी विषय वाचला. स्वयंपाकीण पालकांमध्ये सतरंजीवर बसली होती, दोन्ही मुलींची आई म्हणून. कुणाला काही बोलायचं आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा तिने मान वर केली आणि बघितलं. तलासरीचीकडे. मी समोर खुर्चीत, ज्या वर्गात मी बत्तीस वर्षं खडू झिजवला त्या वर्गात, आणि तिची नजर माझ्यावरून पुढे गेली, जशी भिंतीवरच्या नकाशावरून जाते.

त्या नजरेने मला उठवलं. सद्बुद्धी वगैरे काही नाही. तिने माझ्याकडे बघावं म्हणून मी बोलले.

“पहिला डबा माझ्या घरून आला,” मी म्हटलं. “मी सुनेला विचारलं होतं, ही हात धुते का. आधीच्या बाईचं मी कधी विचारलं नाही. बाकीचे डबे आमचा बघून आले.”

तयार केलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. आणि आता स्वयंपाकिणीने माझ्याकडे बघितलं.

“मला ठाऊक आहे, बाई,” ती म्हणाली. “छोटी डबा घेऊन माझ्या चुलीपाशी दारात बसते. फोडणी बघते.”

एवढंच. एखादं मूल खडू चोरल्याचं कबूल करतं आणि आपल्याला ते आधीच माहीत असतं, तेव्हा मी जशी मान हलवत असे तशी तिने हलवली.

मग समोरच्या वाडीतली आजी, माझ्या वयाची, माझ्याशी चाळीस वर्षं लोणच्यावरून स्पर्धा असलेली, म्हणाली, “आम्हाला कुठे चालत नाही? उगाच सासवांच्या नावावर खपवतात.” दुसरी म्हणाली, “मी तर म्हटलंच होतं.” काय म्हटलं होतं ते तिने सांगितलं नाही. अध्यक्ष चाचरले, म्हणाले, एक महिना बघू. महिन्यात मुलं जेवायला लागली तर विषय बंद, नाहीतर बदल करावाच लागेल.

तेव्हा कुठे तलासरीची बोलली, बसल्या जागेवरून. “सर, चव घ्यायची वही असते ना? मुलांना वाढायच्या आधी कुणीतरी मोठ्याने खाऊन सही करायची?”

असते. प्रत्येक शाळेत असते, आमच्या शाळेतही होती. जूनपासून एकटे मुख्याध्यापक सही करत होते.

“मग महिनाभर सासवांनी करावी. पाळीपाळीने.”

बघा. इतकी सोपी गोष्ट. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ती वही मी शेकडो वेळा हाताळली असेल, आणि हे मला सुचलं नाही. अपराधाची कबुली मी दिली, आणि सगळा वर्ग बघतोय तिच्याकडे. मी लगेच म्हटलं, पहिली पाळी माझी.

सोमवारी गेले. स्वयंपाकिणीने वाटीत खिचडी दिली. मी खाल्ली, ‘छान’ म्हटलं, सही केली. नात दारात उभी राहून माझं तोंड बघत होती. मी गिळलं तशी ती पळत गेली आणि पाड्यावरच्या मुलींच्या पंगतीत बसली. डबा दप्तरातच राहिला. संध्याकाळी सुनेने तो धुऊन वरच्या फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या वाडीतली आजी. तिने पहिल्याच घासाला सांगितलं, मीठ कमी, आणि हिंग कुठला वापरतेस? स्वयंपाकिणीने मीठ घातलं, हिंगाचं सांगितलं. गुरुवारी तिची नातवंडं डब्याशिवाय आली. मग म्हाताऱ्यांची चढाओढ लागली. कुणी दुसरीच्या पाळीला ‘सहज’ येऊन बसू लागलं. पूर्वी ज्यांना चालत नव्हतं त्यांतली एक दोन वाट्या चव घ्यायची. चारपाच दिवसांआड मीही जात राहिले. महिना संपेपर्यंत अकरा घरांतल्या आठ घरांचे डबे बंद झाले. तीन घरं बधली नाहीत. त्यांची मुलं शाळा सोडेपर्यंत डबेच आणत होती, तेही लिहून ठेवते.

महिन्याच्या बैठकीत अध्यक्षांनी विषय बंद झाल्याचं सांगितलं. स्वयंपाकीण उठली, पदर खोचला आणि म्हणाली, “आता सगळ्यांनी येऊ नका. पोरांना वाढायला उशीर होतो. चवीला एक जण पुरे.”

मी हात पुढे केलाच, वहीसाठी.

“त्या येतील,” ती समोरच्या वाडीतल्या आजीकडे बोट दाखवत म्हणाली.

तलासरीची खिडकीशी उभी होती. ती हसू दाबतेय हे मला तिच्या पाठीवरूनही कळलं. समोरच्या आजीने वही अशी उचलली, जशी काही तिला सरपंचकी मिळाली.

“का गं?” मी स्वयंपाकिणीला विचारलं. “माझं काय चुकलं?”

“चुकलं नाही काही,” ती म्हणाली. “तुम्ही दर वेळी छानच म्हणता, बाई.”