बाहेरचं बाकडं

चार बंगल्याच्या मासळी बाजारात मंजुळाची गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं टिकून होती, ती तिच्या गोड बोलण्यामुळे नव्हे. गोड बोलणं तिला कधी जमलंच नाही. कोणी फार घासाघीस केली, तर त्याच्या सात पिढ्यांची हजेरी घेऊनच ती पुढच्या माणसाकडे वळायची. पण पापलेट बर्फातलं असेल तर, "ह्ये कालचं हाय. घे, पण तळून खा, कालवण करू नको," असं तोंडावर सांगून मोकळी व्हायची. शेजारच्या कोळणी कपाळाला हात लावत. "धंदा करायला बसलीस का सत्यनारायण घालायला?" असं विचारत. मंजुळा कोयता पुसत म्हणायची, "खानाऱ्याला ठाव असाय पायजे, तो काय खातोय ते."

अशा बाईला तिच्याच घरच्यांनी दोन वर्षं फसवलं. वर प्रेमापोटी फसवलं म्हणे. सांगताना अजून डोकं फिरतं.

झालं असं. तिचे पाय सुजायला लागले, डोकं ठणकायला लागलं, म्हणून मुलगा दिपेश तिला अंधेरीला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. बरोबर नवरा महादूही होता. दवाखान्याची पाटी इंग्रजीत, तेव्हा डॉक्टर कशाचे हे मंजुळाला कळायचा प्रश्न नव्हता. डॉक्टरांचं नाव सामंत. रक्ताचे, लघवीचे रिपोर्ट त्यांनी उलटसुलट पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बाहेर दाराला लागून एक निळं बाकडं होतं. मंजुळा त्यावर बसली. मोठ्या डॉक्टरांची हीच रीत असेल, असं तिला वाटलं. बाजारात ठेवलेल्या सुरमईवर शेजारणीने बर्फ घातला असेल की नाही, याच विचारात ती होती. बऱ्याच वेळाने बापलेक बाहेर आले. दोघांचे चेहरे उतरलेले.

"काय बोलले डॉक्टर?" तिने विचारलं.

"काय नाय गं आय," दिपेश म्हणाला. "जरा बीपी हाय."

आत काय घडलं ते तिला कळायला पुढे दोन वर्षं गेली. मंजुळाच्या दोन्ही किडन्या खराब होत चालल्या होत्या. तिचा धाकटा भाऊ याच दुखण्याने डायलिसिसवर झिजून झिजून गेला होता, आणि त्याच्या तेराव्याला ती चारचौघांत म्हणाली होती, "माज्यावर ही पाळी आली तर मी औषधाला हात लावनार नाय." ते आठवून दिपेशने डॉक्टरांपुढे हात जोडले. आईला सांगू नका, ती औषध घेणार नाही, धसक्यानेच मरेल. महादूने मान डोलावली. सामंत डॉक्टरांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी ऐकलं.

"ठीक आहे. औषधं मी त्यांच्या किडनीला झेपतील तेवढीच लिहितोय," ते म्हणाले. "या दोन गोळ्या. एक बीपी धरते आणि किडनीही सांभाळते, दुसरी सूज उतरवते. पण अंगदुखीची, गुडघेदुखीची गोळी मात्र एकही द्यायची नाही. या दोन्हींच्या जोडीला ती आली की किडनी बसलीच म्हणून समजा. एवढं तरी त्यांना नीट सांगा."

दिपेश हो म्हणाला. पण सांगणार कसा? एक गोळी घेऊ नको म्हटलं की मंजुळा दहा वेळा का म्हणून विचारणार, आणि किडनीचं नाव न काढता त्याचं उत्तर देता येणार नाही. म्हणून त्याने एका संध्याकाळी मोबाईलमध्ये डोकं घालून, "आय, भायरची गोळी खाऊ नको हां," एवढं म्हटलं आणि आपली जबाबदारी झटकली. बायकोला, अक्षताला, तर त्याने एका शब्दाने सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, असं बापलेकांचं ठाम मत होतं.

दोन गोळ्यांवर मंजुळाचं दोन वर्षं बरं चाललं. मग नारळी पुनव झाली, होड्या पाण्यात गेल्या, बाजार भरभरून वाहायला लागला. पाटीचं वजन वाढलं, बैठक वाढली आणि मंजुळाचे गुडघे बोलायला लागले. उठताना तोंडातून आई गं निघायचं. महादू जाळं विणत ऐकायचा आणि तेल लाव म्हणायचा. अक्षताला ते बघवेना. ती मेडिकलमध्ये गुडघेदुखीची गोळी आणायला गेली. दुकानदाराने विचारलंसुद्धा, आईंना आणखी काही आहे का?

"जरा बीपी आहे," अक्षता म्हणाली. घरात तिला तेवढंच ठाऊक होतं.

"मग जेवणानंतर द्या."

अक्षता ती गोळी रोज दोन्ही जेवणांनंतर सासूच्या हातावर स्वतः ठेवायची, वर पाण्याचा तांब्या. चार दिवसांत गुडघे हलके झाले. मंजुळा बाजारभर सांगत सुटली, "सून मना झकास मिलाली! पोटच्या पोरांना नाय जमत ते ती करते."

गणपती उठले आणि मंजुळा आडवी झाली. पाय खांबासारखे सुजले, लघवी बंद झाल्यात जमा, जिना चढताना श्वास पुरेना. हॉस्पिटलात तिला खाटेवर घेतलं. ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. तिला या घरातला गुपचूप करार कुठून माहीत असणार? बरोबर आणलेल्या गोळ्या बघून, नाडी धरता धरता तिने सरळ विचारलं, "मावशी, किडनीचा त्रास कधीपासून आहे?"

"किडनी? मना बीपी हाय बाय."

"बीपी नाही फक्त. तुमची औषधं किडनीचीच चालू आहेत ना? आणि दुखण्याची गोळी कोणी दिली तुम्हाला यावर?"

मंजुळाने दिपेशकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. मासा हातात घेतल्यावर कल्ले न उघडताही तो ताजा की शिळा ते तिला कळायचं, तसं तिला सगळं कळलं. मग तिने खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या महादूकडे पाहिलं. होडी फुटली होती ते, दारू सुटत नव्हती ते, सगळं त्याने तिला येऊन सांगितलेलं. त्याच्यावर तिचा भरवसा होता.

"तुमालापन ठाव होतं?"

महादूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या पाण्याची तिला दया आली नाही.

तेवढ्यात दिपेश अक्षतावर उसळला. "कोनी सांगलं होतं तुला गोळ्या द्यायला? वाट लावलीस आयची!"

अक्षता थिजली. मग भिंतीला टेकून, पदराने तोंड दाबून रडायला लागली. "मला कोणी सांगितलं असतं तर... मी माझ्या हाताने दिल्या हो आई, माझ्या हाताने..."

मंजुळाला धाप लागली होती, तरी तिचा बाजारातला आवाज त्या वॉर्डात घुमला. "दिपेश, गप ऱ्हा! तिच्यावर वरडतोस? ठाव तुला होतं. तुज्या बापाला होतं. तिला नि मना नव्हतं. गोळी तिनं दिली, पन मना मारलं तुमी!" नर्सने येऊन तिला गप्प केलं.

दुखण्याची गोळी थांबली, सलाईनमधून औषधं गेली, हळूहळू लघवी सुटली. डायलिसिसपर्यंत वेळ आली नाही. मंजुळा घरी आली, पण महादूशी बोलेना. जेवण अक्षताच्या हातचं, औषध अक्षताच्या हातचं. तो जवळ येऊन बसला की ती भिंतीकडे तोंड करायची. घर एवढंसं, तरी त्याला त्यात बसायला जागा उरली नव्हती.

महिन्याभराने सगळे सामंत डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, चष्मा काढला आणि सवयीने म्हणाले, "मावशी, तुम्ही जरा बाहेर..."

"मी नाय," मंजुळा म्हणाली. "ह्ये दोगं बसतील भायर. सून ऱ्हाईल."

बापलेक मुकाट्याने उठले. दार लागलं.

"आता सांगा डॉक्टर. कालची मासली कालची म्हनून सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. पहिल्यांदा ती आली होती तेव्हा तिच्या किडन्या पस्तीस टक्के काम करत होत्या. आता वीसच्याही आत आल्या होत्या. जपलं तर काही काळ निघेल, पण डायलिसिसची तयारी ठेवायला हवी.

"आन् त्या गोळ्या खाल्ल्या नसत्या तर?"

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवले. "तर अजून बरीच वर्षं निघाली असती, मावशी."

अक्षताने सासूचा हात घट्ट धरला. मंजुळाने दुसऱ्या हाताने तो थोपटला, नव्या गोळ्या कधी, कशा घ्यायच्या ते विचारून घेतलं, काय अजिबात खायचं नाही ते दोनदा म्हणून दाखवलं आणि उठली.

बाहेर निळ्या बाकड्यावर बापलेक बसले होते. तिला बघून महादू धडपडत उभा राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"काय बोलले डॉक्टर?" त्याने विचारलं.

"काय नाय," मंजुळा म्हणाली. "जरा बीपी हाय."