कुणाच्या तरी आईच्या पेशी

माझ्या थोरल्या नणंदबाई, रेणुकाताई, लसीच्या कंपनीत पेशींना जेवू घालतात. लग्न केलं नाही, पण संसार केवढा मोठा, अशी मी त्यांची थट्टा करते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं गेलेल्या एका परदेशी बाईच्या त्या पेशी. बाई जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाली, पेशी अजून वाढतायत. नवी लस त्या आजाराच्या विषाणूला अडवते का, हे त्यांच्यावर तपासतात. रोज सकाळी गुलाबी पोषक द्रव ओतताना ताई हळूच विचारतात, "जेवलीस का?"

त्यांनीच हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझ्या सासूबाई, सरुबाई, त्याच आजारानं गेल्या. शेवटी शेवटी "भूक नाही" एवढंच म्हणायच्या. ताई घास धरून बसायच्या आणि तसाच ताटात परत ठेवायच्या.

ताईंच्या कंपनीची लस अजून चाचणीत आहे, पण दुसऱ्यांची इथं जवळच नारायणगुड्यातल्या दवाखान्यात मिळते. आमच्या ईशाला ती टोचून घ्या म्हणून ताई हात धुऊन मागे लागल्या होत्या. आमचे हे, संभाजी, ऐकतील तर शपथ. त्या आजाराचं नाव काढलं तरी तो पोरीला गाठेल, असं यांना वाटायचं. "माझ्या पोरीला नक्को," म्हणून उठून जायचे.

सासूबाईंच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाला भंतेजी येऊन गेले. फोटोपुढे नेहमीसारखं पहिलं ताट ठेवलं होतं. ताई त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "संभाजी, आई गेली. आजार नाही गेला. मी रोज बघते त्याला, जिवंत, वाढताना."

यांचा चेहरा उतरला. "आईच्या पेशी आहेत का त्या?"

"नाही. कुणाच्या तरी आईच्या."

यांनी उठून फोटोला हात जोडले. मग ईशाला घेऊन जा म्हणाले.

लस टोचली त्या संध्याकाळी ईशा दंड धरून पडली होती. ताईंनी विचारलं, "जेवलीस का?"

"भूक नाही, आत्या."

ताई पांढऱ्याफटक पडल्या. जराशी कणकण आहे, उद्या जाईल, असं मी समजावत होते, पण त्यांना ऐकूच येईना. त्यांनी खट्टी दाल-भात कालवून आणला, पोरीला उठवून बसवलं आणि घास पुढे केला. ईशानं वैतागून तोंड उघडलं. ती गिळेपर्यंत ताईंनी तिच्या गळ्यावरची नजर हलवली नाही.

"अजून आहे का?" ईशानं विचारलं, आणि ताईंना रडू फुटलं.